युक्तिकल्पतरूंतील नौकामानें व लांकडी प्रतिकृतीचें प्रामाण्य

(१)

कांचेच्या पेटींत ठेवलेली लांकडी नौका पाहिली म्हणजे पाहणाऱ्याचें मन सहज प्रसन्न होतें. आणि तिच्याखालीं ‘मराठी गुराब’ अशी पट्टी असली तर अभिमानही जागा होतो. अशा कित्येक प्रतिकृति आम्हीं आजवर पाहिल्या. कारागिरी बहुतेकींची वाखाणण्यासारखी असते. परंतु जवळ जाऊन पाहावें तों पिछाडीस विलायती जहाजासारखे सज्जे व खिडक्या, नाळेवर कोरीव सिंह, सर्व डोलकाठ्यांवर चौकोनी शिडें, असा थाट आढळतो. आणि ‘हें कशावरून केलें?’ असें विचारलें असतां उत्तर मिळत नाहीं. बखरींतील एक अक्षर संशयित वाटलें तर चार पोथ्या ताडून पाहिल्यावांचून ज्यांना चैन पडत नाहीं, तींच मंडळी अशा नौकेपुढें मात्र नुसत्या माना डोलावतात. लिहिलेल्या शब्दास पुरावा मागावयाचा आणि कोरलेल्या लांकडास मागावयाचा नाहीं, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

प्रस्तुत लेखांतील आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हातानें घडविलेली नौकाप्रतिकृति ही शोभेची वस्तु असली तरी तेवढीच नाहीं. ती एखाद्या ग्रंथाचा किंवा चित्राचा लांकडांत लावलेला अर्थ आहे. म्हणून तिची परीक्षा संपादित पोथीसारखीच झाली पाहिजे. उलट पक्षीं, ग्रंथांतील नौकावर्णनाची परीक्षाही प्रतिकृति करून पाहिल्याशिवाय पुरी होत नाहीं. यांपैकीं दुसऱ्या गोष्टीचें प्रत्यंतर आम्हांस बेल्हे येथें आलें, तें आधीं सांगतों.

बेल्हे हें जुन्नर तालुक्याच्या पूर्वभागांतील गांव. सोमवारच्या बैलबाजाराबद्दल प्रसिद्ध. समुद्राची आठवण करून देणारें येथें कांहीं नाहीं. तथापि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराकडे, जाणारी सडक या गांवावरून जाते, आणि याच तालुक्याच्या पश्चिम टोंकास नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याचा माल त्या घाटानें जुन्नरास चढत असे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. आणि सातवाहनांच्या कांहीं नाण्यांवर, जरी तीं पूर्वकिनाऱ्याकडील असलीं तरी, दोन डोलकाठ्यांची नौका उमटविलेली आहे. तेव्हां घाटमाथ्यावरील माणसानें नौकेचा विचार करणें हा अगदींच परधर्म नव्हे. या बेल्ह्यांत एका वृद्ध सुतारमिस्त्रींच्या पडवींत आम्हीं कांहीं आठवडे काढले. त्यांचा जन्म बैलगाड्या करण्यांत गेलेला. समुद्र त्यांनीं एकदांच पाहिलेला. आमच्या हातीं युक्तिकल्पतरूंतील मापांचें टांचण होतें आणि त्यांच्या हातीं वांकस होता. दोहोंची गांठ पडून जें निष्पन्न झालें तेंच पुढें लिहीत आहों.

(२)

युक्तिकल्पतरु हा ग्रंथ धारच्या भोजराजाच्या नांवावर मोडतो. इ. स. १९१७ सालीं तो कलकत्त्यास छापून निघाला. त्याच्या आधींच, इ. स. १९१२ मध्यें, राधाकुमुद मुखर्जी यांनीं हिंदी नौकानयनाच्या आपल्या इंग्रजी इतिहासांत हस्तलिखितावरून त्यांतील नौकाप्रकरणाचा सारांश दिला, आणि तेव्हांपासून पुष्कळ लेखक तोच सारांश उतरून घेत आले आहेत. मुखर्जींचे उपकार मोठे आहेत. समुद्र ही हिंदूंच्या आवांक्याबाहेरची गोष्ट, या रूढ समजुतीवर त्यांनीं साधार घाव घातला. परंतु उपकार मानणें निराळें आणि आधार न तपासतां पुढें चालविणें निराळें.

ग्रंथांत नौकांचे सामान्य व विशेष असे दोन वर्ग केले आहेत. सामान्य वर्गांत दहा नौका येतात. त्यांची लांबी, रुंदी व उंची हातांत अशी : क्षुद्रा १६, ४, ४, मध्यमा २४, १२, ८, भीमा ४०, २०, २०, चपला ४८, २४, २४, पटला ६४, ३२, ३२, भया ७२, ३६, ३६, दीर्घा ८८, ४४, ४४, पत्रपुटा ९६, ४८, ४८, गर्भरा ११२, ५६, ५६, आणि मन्थरा १२०, ६०, ६०. विशेष वर्गाचे पुन्हां दोन भेद आहेत. दीर्घा भेदांत दीर्घिकेपासून वेगिनीपर्यंत दहा नौका. पहिली ३२ हात लांब, ४ हात रुंद व ३⅕ हात उंच. पुढची प्रत्येक लांबींत १६ हातांनीं व रुंदींत २ हातांनीं वाढत जाऊन शेवटची वेगिनी १७६ हात लांब व २२ हात रुंद होते. उन्नता भेदांत पांच नौका : ऊर्ध्वा ३२, १६, १६, अनूर्ध्वा ४८, २४, २४, स्वर्णमुखी ६४, ३२, ३२, गर्भिणी ८०, ४०, ४०, आणि मन्थरा ९६, ४८, ४८.

या मापांबरोबर फलेंही सांगितलीं आहेत. सामान्यांपैकीं भीमा, भया व गर्भरा अशुभ; दीर्घा भेदांत लोला, गामिनी व प्लाविनी अशुभ; उन्नतांत अनूर्ध्वा, गर्भिणी व मन्थरा अशुभ. पहिल्या तीन नौकांच्या अशुभपणाचें कारण सांगतांना मुखर्जींनीं असा तर्क केला आहे कीं, त्यांचीं मापेंच बहुधा अशीं होतीं कीं पाण्यावर त्यांचा तोल नीट राहत नसावा. तर्क ग्राह्य दिसतो. ग्रंथाच्या दैववादी वचनामागें कारागिराचा अनुभव असावा असें मानावयास कोणालाही आवडेल. आम्हांसही आवडलें होतें. प्रतिकृति करावयास घेतली ती तो तर्क सिद्ध व्हावा म्हणूनच.

(३)

लहान लांकडी नौका हातानें करण्याच्या मुख्य रीति तीन. पहिली, एकाच ठोकळ्यांतून बाहेरचा आकार उतरवून मग आंतून कोरणें. दुसरी, पातळ फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून त्यांतून आकार काढणें. तिसरी, तळाचा कणा, नाळ व पिछाडी उभी करून त्यांवर खऱ्या नौकेप्रमाणें फळ्या बसविणें. पहिली रीत सोपी, पण जाड लांकूड पुढें तडकतें. तिसरी अत्यंत शिकवणारी, पण तिला आंतील रचनेची माहिती लागते, आणि ती ग्रंथांत नाहीं. म्हणून आम्हीं दुसरी पत्करली.

प्रमाण असें धरिलें कीं, ग्रंथांतील एक हात म्हणजे अठरा इंच, आणि त्यास प्रतिकृतींत पाव इंच. म्हणजे मूळ नौकेच्या बहात्तरावा भाग. या मानानें भीमा दहा इंच लांब, पांच इंच रुंद व पांच इंच उंच होते. कागद उभा दुमडून त्यावर प्रत्येक थराची अर्धीच रेघ काढावी आणि दोन्ही पदर एकदम कातरावे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजू सारख्या येतात. सर्व थर एकत्र धरून सामत्यानें दोन भोंकें पाडावीं व त्यांत लांकडी खुंट्या बसवाव्या, म्हणजे सरस लावतांना थर सरकत नाहींत. सरस वाळल्यावर पायऱ्यांसारखे निघालेले कोपरे पटाशीनें व रंध्यानें काढावे, आणि ठराविक अंतरावर पुठ्ठ्याचे फर्मे लावून गोलाई तपासावी. जेथें फर्मा व लांकूड यांच्यामधून उजेड दिसतो तेथें काम अपुरें आहे असें समजावें.

पहिली अडचण फर्मे कातरतांनाच आली. फर्म्याची गोलाई कोणती घ्यावयाची? सर्वांत अधिक रुंदी मध्यावर कीं पुढें? तळ सपाट कीं निमुळता? नाळ किती पुढें झुकलेली? ग्रंथांत यांपैकीं कशाचेंही उत्तर नाहीं. आम्ही टांचण वाचून दाखवीत होतों तें थांबवून मिस्त्री म्हणाले, “दादा, गाडीची लांबी-रुंदी सांगितली म्हणून गाडी होत नाही. आस कुठं बसणार, तुंबा केवढा, पाटे किती वाकाचे, ते सांगा.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. तीन आंकड्यांत पेटी मावते, नौका मावत नाहीं. त्याच तीन आंकड्यांत बसणाऱ्या दहा निरनिराळ्या नौका करतां येतील, आणि त्यांपैकीं कांहीं पाण्यावर स्थिर राहतील, कांहीं राहणार नाहींत. जो ग्रंथ ही निवड करावयास साधन देत नाहीं, तो नौका बांधणाऱ्यासाठीं लिहिलेला नाहीं, ही शंका आमच्या मनांत तेथेंच प्रथम उत्पन्न झाली.

(४)

भीमा पुरी झाल्यावर तिच्याशीं ताडून पाहण्यासाठीं चपला करावयाची होती. कारण भीमा अशुभ आणि चपला तशी नाहीं. आम्ही नवे फर्मे काढूं लागलों. मिस्त्रींनीं टांचणावरील आंकडे पुन्हां वाचून घेतले व विचारलें, “नवे कशाला? ही तीच की. माप वाढलं, होडी नाही बदलली.” आम्हीं पाटीवर गणित करून पाहिलें. भीमेंत लांबीच्या निम्मी रुंदी व तितकीच उंची, चपलेंतही तेंच. पटला, भया, दीर्घा, पत्रपुटा, गर्भरा, मन्थरा, सर्वांत तेंच. म्हणजे सामान्य वर्गांतील दहांपैकीं आठ नौका घाटानें एकच आहेत, केवळ लहान-मोठ्या. घाट एक, भार त्याच मानानें वांटलेला, तर उभें राहण्याचा तोलही एकच. मग त्यांतील तीनच तेवढ्या तोल न राहिल्यामुळें अशुभ कशा?

कोणी म्हणेल, लहानमोठेपणानें कांहीं फरक पडत असेल. त्याचेंही उत्तर ग्रंथांतच आहे. सामान्य वर्गांतील चपला ४८, २४, २४. उन्नता भेदांतील अनूर्ध्वा ४८, २४, २४. एका अंगुळाचाही फरक नाहीं. पहिली अशुभांच्या यादींत नाहीं, दुसरी आहे. तीच गोष्ट पत्रपुटेची व उन्नतांतील मन्थरेची. दोन्ही ९६, ४८, ४८, पण दुसरीच तेवढी अशुभ. दीर्घा भेदांत तर दहाही नौकांची रुंदी लांबीच्या अष्टमांश व उंची दशमांश आहे, तरी तीन अशुभ ठरल्या आहेत. तेव्हां मुखर्जींचा तर्क टिकत नाहीं. अशुभपणाचें कारण नौकेच्या घाटांत नाहीं. तें दुसरीकडे, बहुधा संख्येच्या किंवा नांवाच्या शुभाशुभांत, शोधलें पाहिजे. भीमा व भया हीं नांवेंच भीतिवाचक आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दोन्ही याद्या मुखर्जींनीं एकाच ठिकाणीं दिलेल्या असून ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली नाहीं, आणि ज्यांनीं त्यांचें पुस्तक वापरलें त्यांच्यापैकीं आमच्यासारख्यांच्याही आली नाहीं. कागदावर आंकडे वेगळे दिसतात. रंधा हातीं घेतला म्हणजे ते वेगळे राहत नाहींत.

आणखी एक लहानसा पाठप्रश्न प्रतिकृतीनें सोडविला. रुंदीसाठीं ग्रंथांत आलेला परिणाह हा शब्द संस्कृतांत घेर या अर्थींही येतो. तेव्हां रुंदीऐवजीं घेर घ्यावा काय, म्हणजे नौका कमी बोजड होतील, अशी कल्पना सुचते. आम्हीं भीमेच्या एका कांठावर सुताराचा दोरा धरून तळाखालून दुसऱ्या कांठापर्यंत नेला. उंची पांच इंच असतां तो दोरा दहा इंचांपेक्षां कमी भरणें शक्यच नाहीं. मग पांच इंच घेर कोठून येणार? जेथें परिणाह व उंची सारखीच सांगितली आहे, तेथें घेर हा अर्थ बसत नाहीं. रुंदी हाच अर्थ कायम राहतो.

न्यायाच्या दृष्टीनें ग्रंथाच्या बाजूचेंही सांगितलें पाहिजे. भीमा रिकामी असतां आमच्या हौदांत कलंडली. परंतु तळांत वाळू भरतांच सरळ उभी राहिली. म्हणजे लांबीच्या निम्मी रुंदी ही अशक्य गोष्ट नव्हे. ओझ्याची, मंद चालीची, कणगीसारखी नौका तशी असूं शकेल. लांकडाविषयींचा ग्रंथांतील मजकूर तर खऱ्या अनुभवाचा दिसतो. हलकें-जड व मऊ-कठीण यांवरून त्यांत लांकडाचे वर्ण ठरविले असून, हलकें पण कठीण असें क्षत्रियजातीचें लांकूड नौकेस उत्तम, आणि दोन भिन्न जातींचें लांकूड एका नौकेंत मिसळूं नये, असें सांगितलें आहे. हें ऐकून मिस्त्री हंसले नाहींत. भिन्न लांकडें वाळतांना सारखीं आकसत नाहींत आणि सांधा उघडतो, हें त्यांच्या रोजच्या अनुभवाचें. समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील चुंबकखडक लोखंड ओढतात, या वचनांतील कारण भाकड असलें तरी दोऱ्यानें शिवलेल्या नौका पश्चिम समुद्रांत खरोखर चालत होत्या. तात्पर्य, हा ग्रंथ टाकाऊ नाहीं. राजाच्या सिंहासन, छत्र, रत्नें, खड्ग, अश्व, गज यांच्या शुभाशुभ लक्षणांबरोबर त्यानें नौकांचीही लक्षणें दिलीं आहेत. ती राजाची निवडयादी आहे, सुताराची मोजपट्टी नव्हे. तिच्यावरून ‘भोजकालीन नौकेची हुबेहुब प्रतिकृति’ करतां येत नाहीं, आणि तशी पट्टी कोणी लावली असेल तर ती काढावी.

प्रतिकृति काय सिद्ध करूं शकत नाहीं हेंही सांगणें जरूर आहे. माप निम्में केलें तर पृष्ठभाग चतुर्थांश होतो व वजन अष्टमांश. त्यामुळें लहान नौका खऱ्या नौकेच्या मानानें फारच बळकट असते. वेगिनी १७६ हात, म्हणजे २६४ फूट लांब. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं सागवानांत बांधलेली व इ. स. १८१७ त पाण्यांत लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, जी आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेली आहे, तिची तोफांची मजली सुमारें १५० फूट लांब व ४० फूट रुंद. वेगिनी तिच्याहून शंभरावर फूट लांब आणि तरीही अरुंद! एवढ्या लांब लांकडी नौकेचीं दोन्ही टोंकें खालीं झुकूं पाहतात व कणा मध्यें उचलला जातो. तिची चव्वेचाळीस इंची प्रतिकृति मात्र हौदांत खुशाल तरंगेल. म्हणून तोलाच्या प्रश्नास प्रतिकृतीची साक्ष घ्यावी. बळकटीच्या व वेगाच्या प्रश्नास घेऊं नये.

(५)

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या मराठी गुराबेकडे वळूं. कारण तिच्याविषयींच अधिक ममत्व आणि अधिक अनाचार दिसतो. भोजाच्या ग्रंथांत आंकडे आहेत व घाट नाहीं. गुराबेच्या बाबतींत प्रकार नेमका उलट आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत व फार लहान नकोत, मध्यम असाव्या, गलबतेंही तशींच, जें मोठें जहाज वाऱ्यावांचून हलत नाहीं तें कामाचें नाहीं, आरमारासाठीं सागवान तोडावें, पण रयतेचीं आंबा-फणसाचीं झाडें धन्याच्या राजीखुशीवांचून तोडूं नयेत, असा त्यांतील आशय आहे. धोरण म्हणून हें प्रकरण अमोल. परंतु त्यांत माप एकही नाहीं. घाटाचें वर्णन मिळतें तें शत्रुपक्षाच्या लेखणींतून. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या आरमाराविषयीं लिहितांना गुराब व गलबत या दोहोंचें बारकाईनें वर्णन केलें आहे. त्यावरून इतकें कळतें कीं, गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आंतली. पाण्यांत ती थोडीच बुडे. लांबीच्या मानानें पुष्कळ रुंद, पण मध्यापासून टोंकाकडे निमुळती होत जाऊन पुढें भूमध्यसमुद्रांतील गॅलीप्रमाणें लांब नाळ बाहेर आलेली. या नाळेवर तक्तपोशी असे पण तिला कठडा नसे, कारण समोरच्या लाटेचें पाणी चढलें तर तें अडथळ्यावांचून निघून गेलें पाहिजे. नाळ व मुख्य तक्तपोशी यांच्यामध्यें आडवी भिंत, आणि तिच्या भोंकांतून नाळेवरून पुढें मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत याच घाटाचें पण लहान, ७० टनांवर क्वचितच. त्याला मोठें त्रिकोणी शीड व चाळीस-पन्नास वल्हीं.

आतां कोणतीही ‘मराठी गुराब’ समोर ठेवून हें वर्णन ताडून पाहावें. नाळ पुढें आलेली आहे काय? ती कठड्यावांचून आहे काय? तिच्यामागें आडवी भिंत व समोर तोंड केलेल्या दोन तोफा आहेत काय? आम्हीं पाहिलेल्या बहुतेक प्रतिकृतींत या चारही गोष्टी नाहींत. आणि ज्या सज्जे-खिडक्यांना ऑर्मच्या वर्णनांत आधार नाहीं त्या मात्र हौसेनें कोरलेल्या असतात. ज्या एका अंगामुळें गुराब ही गुराब ठरते तें अंगच गाळलेलें! पोथीचा मूळ श्लोक गाळून समासांतील टीप ठळक अक्षरांत छापावी तसा हा प्रकार आहे.

यांत केवळ चुकीची गोष्ट नाहीं, नुकसानही आहे. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत इंग्रजांनीं विजयदुर्ग घेतला तेव्हां तुळाजी आंग्र्याचें आरमार तेथेंच जळालें. त्या नौका पुन्हां पाहावयास मिळणें नाहीं. अशा स्थितींत मुलांच्या डोळ्यांपुढें जी प्रतिकृति राहील तीच त्यांची गुराब होणार. खोटी सनद निदान दप्तरांत पडून राहते. खोटी नौका पेटींत उभी राहून रोज साक्ष देत असते.

मग खरी प्रतिकृति करूंच नये काय? आमचें मत तसें नाहीं. ऑर्मचें वर्णन घ्यावें. लांबी-रुंदीच्या मानासाठीं त्याच किनाऱ्यावरील मोजलेल्या नौकांचा आधार घ्यावा. एडाय या इंग्रज नौकाशिल्प्यानें इ. स. १८३४ त रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत पश्चिम किनाऱ्यावरील फत्तेमारीचें माप दिलें आहे; लांबी सुमारें ७६ फूट, रुंदी २१ फूट, खोली १२ फूट. फ्रेंच आरमारांतील पारी यानें इ. स. १८४१ ते १८४३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा नौकांचे छेद रेखाटले आहेत, आणि अशा रेखाटनांवरून पॅरिसच्या नौसंग्रहालयासाठीं पुढें प्रतिकृतिही झाल्या. साडेतीनास एक हें फत्तेमारीचें मान भोजाच्या दोनास एक व आठास एक या दोन्ही टोंकांच्या मध्यें पडतें, हें येथें सहज नमूद करतों. फत्तेमारी ही गुराब नव्हे व ती शंभर वर्षें मागाहूनची; म्हणून तिच्यावरून घेतलेला भाग हा अनुमान आहे, आधार नव्हे. तो प्रतिकृतींत तसा दिसला पाहिजे.

तो कसा दिसावा, यासाठीं आम्हीं व मिस्त्रींनीं एक साधी युक्ति केली. ज्या भागास लेखी आधार आहे तो सागवानाचा करावा; जो अनुमानानें घेतला तो पिवळसर हळदूचा; आणि दोहोंवर रंग चढवूं नये, फक्त तेल द्यावें. आमच्या अर्धवट झालेल्या गुराबेंत नाळ, आडवी भिंत, पुढील दोन तोफांचीं भोंकें व डोलकाठ्या तांबूस आहेत. पिछाडी सगळी पिवळी आहे. पिवळा भाग तांबड्याहून पुष्कळ अधिक निघाला, हें पाहून आरंभीं वाईट वाटलें. मग वाटलें कीं आपल्या ज्ञानाचें खरें माप तेंच. संपादक गहाळ अक्षरें चौकटी कंसांत घालतो, त्यानें पोथीची शोभा जाते असें कोणी म्हणत नाहीं. दोन जातींचें लांकूड मिसळूं नये हा युक्तिकल्पतरूचा निषेध मात्र आम्हीं जाणूनबुजून मोडला. आमची गुराब समुद्रांत जावयाची नाहीं, एवढीच सबब.

(६)

या विचारास अलीकडे एक मोठें उदाहरण मिळालें आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पांचव्या शतकाच्या नौकेवरून दोऱ्यानें शिवलेली एक पूर्ण आकाराची नौका गोव्यांत बांधण्यांत आली, आणि ता. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ती भारतीय नौदलांत ‘कौंडिण्य’ या नांवानें दाखल झाली. फळ्या काथ्याच्या दोरानें शिवण्याचें काम केरळांतील पारंपरिक कारागिरांनीं केलें. चित्रांत पाण्याखालचा भाग दिसत नाहीं, मापही नाहीं, आणि जुना नकाशा कोठेंच उपलब्ध नव्हता. म्हणून घाट ठरवितांना मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सागर-अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्यानें लहान प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा घेतली गेली. आमच्या हौदांतील वाळूची परीक्षा हिच्यापुढें पोरखेळ होय. पण न्याय तोच. चित्र, प्रतिकृति, नौका अशी ही पायरी आहे, आणि मधली पायरी गाळलेली नाहीं. पुढें डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ही नौका पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ त मस्कतास पोंचली. म्हणजे बळकटीचा जो प्रश्न प्रतिकृतीला सोडवितां येत नाहीं, तो समुद्रानें सोडविला.

तथापि आम्ही येथेंही हातचें राखून स्तुति करतों. या नौकेच्या शिडांवर गंडभेरुंड व सूर्य, नाळेवर सिंहव्याल, आणि तक्तपोशीवर हडप्पाकालीन पद्धतीचा दगडी नांगर आहे. नांगर केवळ प्रतीकात्मक, असें अधिकृतपणें सांगितलेलें आहे, हें योग्यच झालें. परंतु हडप्पा व अजिंठा यांच्यामध्यें दोन हजारांवर वर्षें आहेत. पन्नास वर्षांनीं या नौकेवरून कोणी प्रतिकृति करील, तेव्हां प्रतीक कोणतें व पुरावा कोणता हें सांगणारें टिपण तिच्याबरोबर नसेल, तर तो नांगर पांचव्या शतकाचा ठरेल. चूक आज झालेली नाहीं. ती उद्यां होऊं नये म्हणून लिहितों.

(७)

यावरून प्रतिकृतिकारांस व ती घेणाऱ्या संग्राहकांस आमची सूचना अशी. प्रत्येक नौकेखालीं नांवाची पट्टी असते तिथें चार गोष्टी लिहाव्या : प्रमाण कोणतें, घाटाचा आधार कोणता ग्रंथ, चित्र किंवा शिल्प, अनुमानाचे भाग कोणते, आणि केवळ शोभेसाठीं घातलेलें काय. हें लिहावयास पाव तास लागतो. आणि त्यावांचून वर्षभराच्या मेहनतीची नौका इतिहासाच्या कामीं येत नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस विनंति निराळी आहे. युक्तिकल्पतरूची पोथी कोणाच्या संग्रहीं असल्यास नौकाप्रकरणांतील आंकडे व अशुभ नौकांचीं नांवें छापील पाठाशीं ताडून पाहावीं. चपला व अनूर्ध्वा यांचीं मापें दुसऱ्या एखाद्या पोथींत भिन्न निघालीं, तर वरील आमचा निष्कर्ष आम्ही आनंदानें दुरुस्त करूं. तसेंच कोंकणांतील जुन्या घराण्यांच्या रुमालांत लांकूडखरेदीच्या याद्या, सुतारांच्या मजुरीचे हिशेब, फळ्यांचीं मापें असे मोडी कागद निघाले तर ते किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. एखाद्या तहनाम्यापेक्षां अशी एक यादी गुराबेच्या पिछाडीविषयीं अधिक सांगूं शकेल, आणि आमच्या प्रतिकृतींतील कांहीं पिवळें लांकूड काढून तेथें तांबडें बसवितां येईल.

मिस्त्रींनीं तशी सोय अगोदरच करून ठेवली आहे. पिछाडीचा सगळा भाग त्यांनीं सरसानें न चिकटवितां खुंट्यांवर बसविला. कारण विचारतां ते म्हणाले, “तुमचा कागद सापडला म्हणजे काढायला बरं.”